सालीखालचं हिरवं

कुदळ बटाट्याच्या बाजूने मातीत शिरली की एक आवाज येतो, कोरडा आणि भरीव. त्या सकाळी थोरल्याच्या कुदळीला तो आवाज एकदाही आला नाही. घावागणिक खाली काहीतरी पचकन फुटत होतं आणि घाण वासाचा काळा लगदा वर येत होता. करपा रोगाने पाला नेला तेव्हा तो सगळ्यांना सांगत फिरला होता, पाला गेला तर जाऊ दे, खाली माल शाबूत आहे. पण खालीही काही उरलं नव्हतं.

त्याच शेताच्या उताराकडच्या तिसऱ्या हिश्शात धाकटा भाऊ खणत होता. मागून त्याची बायको बटाटे वेचून पाटीत टाकत होती. हे बटाटे जांभळे होते. मातीतून निघताना काळ्या ढेकळांसारखे दिसत, अंगठ्याने पुसले की वांग्यासारखे चमकत. करपा त्यांच्यावरही आला होता, पण उशिरा, खाली माल भरल्यावर. पाटीत पडताना ते टणटण वाजत होते आणि तो आवाज थोरल्याच्या कानात जात होता.

सहा वर्षांपूर्वी धाकट्याच्या बायकोने, धाकटीने, माहेराहून असे अकरा बटाटे रुमालात बांधून आणले होते. तेव्हा सगळं गाव हसलं होतं. तिला जांभळी हे नाव तेव्हाच पडलं. अकरांची एक पाटी झाली, पाटीचं पोतं, आणि यंदा शेताचा तिसरा हिस्सा. माहेरी आता ते वाण उरलं नव्हतं. जे होतं ते इथेच.

"जांभळे, हसतेस काय?" थोरला ओरडला.

"मी नाही हसले, भाऊजी."

"दात दिसले मला तुझे."

"ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तोंड वाकडं झालं."

धाकट्याने कुदळ टेकवली. "दादा, पुढच्या हंगामात सगळ्या शेतात हेच लावू. बेण्यापुरते आहेत आपल्याकडे."

"म्हणजे शेत तुझ्या बायकोच्या पदराला बांधू?"

"पदराचं कोण बोललं?"

"मी बोललो!"

थोरला सऱ्या तुडवत आला आणि भरल्या पाटीला लाथ मारली. बटाटे उतारावरून गडगडत गेले. धाकट्याने त्याची कॉलर धरली. दोघं आडवे झाले. आधी गुद्दे झाले, मग मूठभर माती डोळ्यांत, मग थोरल्याच्या हाताला कुदळीचा दांडा लागला आणि तो धाकट्याच्या कपाळावर बसला. भुवईच्या वर कातडं उघडलं. रक्त नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांवर आलं.

म्हातारा बाप बांधावर बसून बेण्याचे बटाटे निवडत होता. तो काठी टेकत धावला आणि दोघांच्या मध्ये शिरला. थोरल्याने कोण आहे हे न बघताच कोपराने मागे ढकललं. म्हातारा वरंब्यावर पाठीवर पडला आणि तसाच राहिला, तोंड उघडं, श्वास वर अडकलेला.

तेव्हा कुठे हात थांबले.

"बाबा?" थोरला म्हणाला.

म्हाताऱ्याला श्वास सापडला. "जोर आहे रे तुझ्यात," तो म्हणाला. "करप्यावर काढला असतास तर बरं झालं असतं."

त्याला दोघांनी मिळून घरी नेलं. डोक्याकडून थोरल्याने धरलं, पायांकडून धाकट्याने.  पुढचे कितीतरी दिवस म्हातारा खाटेवरून उठला नाही.

पण थोरल्याचा राग उतरला नव्हता. दुपारी तो पहार घेऊन शेडवर गेला. शेड दोघांची, तिच्या दक्षिणेकडच्या भिंतीचे सहा पत्रे त्याने स्वतः आणून ठोकले होते. "वाटणी म्हणजे वाटणी," असं म्हणत त्याने एकेका पत्र्याखाली पहार घातली. खिळे किंचाळत निघाले. पत्रे खांद्यावर टाकून त्याने आपल्या गोठ्यावर नेले. शेडच्या आत जांभळ्या बटाट्यांची रास होती, आणि आता तिच्या अंगावर सरळ ऊन येत होतं.

संध्याकाळी ढग आले. धाकटीने घाईघाईने घरात होतं ते जाड पांढुरकं प्लास्टिक काढलं आणि त्या भगदाडावर सुतळीने बांधलं. रात्रभर पाऊस झाला. सकाळी तिने हात घालून पाहिलं, रास कोरडी होती. ती स्वतःवर खूश झाली.

पाऊस अडला होता. उजेड अडला नव्हता.

*

थोरल्याची मुलगी सात वर्षांची. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण ती चिमणीएवढंच खायची. डोळ्यांखाली काळं, पाय काटकुळे, दात घासले की हिरड्यांतून रक्त. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दोन्ही जावांना समोर बसवून सांगितलं होतं, फळं द्या, भाज्या द्या, रंगीत खायला घाला. जमत नसेल तर घरचा बटाटा आहेच, पण सोलून, चिरून, तासभर उकळून नाही. सालीसकट उकडा. निम्मा कस तुम्ही सालीबरोबर आणि पाण्याबरोबर फेकता.

पत्रे निघाल्या दिवसापासून चिमणीला काकूकडे जायची बंदी होती. म्हणून ती मागच्या दाराने यायची.

"आईला सांगून आलीस?"

"आईला कशाला? आईने विचारलंच नाही."

"वकीलच होणार तू." धाकटीने उकडलेला बटाटा फोडून तिच्यापुढे ठेवला. आतून गडद जांभळा, मध्ये पांढरी नक्षी. "हा रंग कुठे कुठे बघितलास?"

"जांभळात. वांग्याच्या अंगावर. बाबांनी मारलं तेव्हा काकांच्या डोळ्याखाली."

धाकटीने ताट तिच्याजवळ सरकवलं. मग म्हणाली, "जांभळात आहे तोच रंग यात आहे. पांढऱ्यात तो नसतो. पोटात गेला की रक्ताच्या वाटा चांगल्या ठेवायला मदत करतो म्हणतात. पिवळ्या बटाट्याचा रंग डोळ्यांना चांगला. आणि हिरड्यांना जे लागतं ते सगळ्याच बटाट्यांत थोडं थोडं असतं, पांढऱ्यातसुद्धा. औषध नाही हं हे, जेवणच आहे. पण चांगलं जेवण. आता गंमत बघ."

तिने लिंबाची फोड बटाट्यावर पिळली. जांभळ्याचा गुलाबी झाला. चिमणी हसली आणि हसता हसता अख्खा बटाटा खाल्ला. असं रोज चाललं. एका बटाट्याचे दोन झाले, दोनाचे तीन. महिन्याभरात पोरीच्या गालांवर जरा तजेला आल्यासारखा धाकटीला वाटला.

पत्रे गेल्याला सव्वा महिना झाला होता तेव्हाची गोष्ट. धाकटीने त्या दिवशी राशीच्या कडेचे, हाताला आले ते बटाटे घेतले होते, प्लास्टिकच्या अंगाचे. चिमणीने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, टोचतंय."

"काय टोचतंय?"

"घशात. कडू पण आहे."

धाकटीने ताटातला बटाटा उलटसुलट करून पाहिला. कीड नाही, डाग नाही, साल जांभळी तुकतुकीत. लहानपणापासून ती डोळ्यांनी बटाटा पारखत आली होती. पांढरा बटाटा हिरवा पडला की लांबून कळतो, तो बाजूला टाकायचा, एवढं घरातल्या सगळ्यांना ठाऊक. हा हिरवा नव्हता.

"नखरे करू नकोस. पाणी पी आणि खा."

"साल काढू?"

"सालीतच तर सगळं आहे. सालीसकट."

चिमणी शहाणी होती. तिने तीन बटाटे सालीसकट खाल्ले.

*

ती उलट्यांनी दुपारी कोसळली. पोट धरून अंगणात लोळत होती. अंग तापलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि ती आईला ओळखेना. "हिला लांब करा," असं आईलाच म्हणू लागली. उलटीत जांभळी सालपटं होती.

थोरल्याने तिला उचललं आणि जीपमध्ये टाकून नेलं. चिमणीची आई, थोरली, सोबत गेली. जाण्याआधी तिने मात्र धाकटीच्या दारात येऊन तिचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ चौकटीवर दोनदा आपटलं. धाकटीने हात वर केला नाही.

"किती घातलेस?" थोरलीने विचारलं.

"तीन."

तिसऱ्यांदा आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला एकटाच परत आला. अंगात कालचाच शर्ट, त्यावर पोरीची ओकारी वाळलेली. धाकटा धावत सामोरा गेला. "दादा, कशी आहे?"

थोरल्याने उत्तर म्हणून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. धाकट्याची जुनी जखम उघडली. तो गुडघ्यांवर बसला तेव्हा थोरल्याने त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक. धाकटा उलटून मारत नव्हता. "मार," एवढंच म्हणत होता, "पण कशी आहे ते सांग."

"सलाईनवर आहे! मला बघून किंचाळते! डॉक्टर म्हणतात विषबाधा. बटाट्याचीच म्हणतात." त्याने ट्रॅक्टर चालू केला. "तुझ्या बायकोचं हे जांभळं विष आज मातीला मिळवतो. कोंबाला एक डोळा शिल्लक ठेवणार नाही."

ट्रॅक्टर शेडमध्ये घुसला. पुढच्या चाकाखाली रास फुटू लागली. खडखड, मग चर्रर्र, मग ओला आवाज. जांभळं पाणी चाकांच्या नक्षीतून वाहायला लागलं. थोरल्याने मागे घेतला, पुन्हा पुढे घातला. राशीची अलीकडची बाजू भुईसपाट झाली.

धाकटी चाकापुढे येऊन उभी राहिली. कपाळावर चौकटीचा काळानिळा वळ होता.

"बाजूला हो."

"भाऊजी, या राशीतला मी रोज खाते. हे पण खातात. महिनाभर चिमणीनेही खाल्ला. मग कालच कसं झालं? मला बघू द्या. मग मलाही घाला चाकाखाली."

थोरल्याने ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरला. राशीच्या कडेचा, प्लास्टिकजवळचा एक कच्चा बटाटा उचलला आणि तिचा जबडा धरला.

"बघायचंय? खा. माझ्या पोरीला चारलास ना सालीसकट? खा!"

त्याने बटाटा तिच्या दातांवर दाबला. ओठ फुटला. तिने चावा घेतला. चावली, आणि थांबली.

जिभेच्या मुळाशी कडू आग लागली. मग घशात बारीक सुया टोचल्यासारखं झालं. टोचतंय. पोरीने नेमका हाच शब्द सांगितला होता आणि तिने पाणी प्यायला लावलं होतं.

तिने घास थुंकला, त्याबरोबर रक्त. मग वाकून राशीच्या पार मागच्या, अंधाऱ्या कोपऱ्यातून दुसरा बटाटा काढला, तोही चावला. तो नुसता कच्चा लागला, गोडसर, मातकट. ती धावत सुरी घेऊन आली. दोन्ही बटाट्यांची साल पातळ खरवडली आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

अंधारातला सालीखाली जांभळाच होता. उजेडातल्याच्या सालीखाली, एका अंगाला, पोपटी हिरवी कड होती. जांभळ्या सालीने ती झाकली होती.

धाकटा बरगडी धरून दारात आला होता. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बटाट्यात जन्म गेलेली माणसं ती. उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो, कडू होतो आणि उकळल्याने ते विष जात नाही, हे त्यांना माहीत होतं. फक्त आजवर त्यांनी ते डोळ्यांनी ओळखलं होतं, आणि ही साल डोळ्यांना दिसू देत नव्हती. म्हाताऱ्याला कळलं असतं. तो कुठलाही बटाटा घरात आला की आधी कापून जिभेला लावायचा. पण म्हातारा खाटेवर होता.

तिघांचीही नजर दक्षिणेच्या भिंतीकडे गेली. सहा पत्र्यांएवढं भगदाड. त्यावर पांढुरकं प्लास्टिक, आणि त्यातून सबंध राशीवर पसरलेलं दिवसाचं ऊन.



"प्लास्टिक मी लावलं," धाकटी म्हणाली. "पोती होती घरात. मला पोती लावायला हवी होती. आणि तिने मला सांगितलं होतं टोचतंय म्हणून. मी ऐकलं नाही."

ती पत्र्यांबद्दल काही बोलली नाही. ती बोलली असती तर थोरल्याला तिला मारता आलं असतं.

तो राशीपाशी खाली बसला. कडेचा एक बटाटा उचलला आणि चावला. तोंड वेडंवाकडं झालं तरी गिळला. दुसरा घेतला. घाईघाईने, सालीसकट, मातीसकट. तिसऱ्याला हात घातला तेव्हा धाकटा ओरडला, "दादा, काय करतोस!" आणि पुढे झाला, पण बरगडीने त्याला तिथेच बसवलं.

धाकटीच्या हाताशी फावडं होतं. तिने दांडा उचलला आणि सगळ्या ताकदीने थोरल्याच्या मनगटाखाली हाणला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनी ऐकला. बटाटा हातातून सुटून गडगडत गेला.

"थुंका," ती म्हणाली. दांडा पुन्हा वर होता. "थुंका, नाहीतर दुसराही हात मोडीन. त्या पोरीने बरं होऊन कोणाला बाबा म्हणायचं?"

तो थुंकला. मग घशात बोटं घालून ओकला. मग मोडका हात छातीशी धरून मोठ्याने रडला. धाकटा सरपटत त्याच्याजवळ गेला. त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला. थोरल्याने तो झटकला. त्याने पुन्हा ठेवला.

*

चौथ्या दिवशी चिमणीने आईला ओळखलं. पाचव्या दिवशी धाकटी दवाखान्यात गेली. थोरली दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही, पण अडवलंही नाही. धाकटी तिच्या अंगाला घासून आत गेली.

चिमणी उशीला टेकून बसली होती. हाताला सुईची पट्टी.

"काकू," ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, टोचतंय?"

"हो."

"तू नखरे म्हणालीस."

"हो. चुकलं माझं."

चिमणीने जरा विचार केला. "मग आता तू पण सुई टोचून घे."

पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. धाकटी हसली नाही. तिने नर्सबाईंकडे पाहिलं, जणू खरंच विचारत होती.

चिमणी घरी आली त्या दिवशी म्हातारा पहिल्यांदा खाटेवरून उठून, दोन्ही सुनांच्या खांद्यांवर हात टाकून शेडमध्ये आला. चिरडलेला थर सुकून काळा पडला होता, त्यावर माश्या बसल्या होत्या. धाकटा हिरवे बटाटे पोत्यात भरत होता, खड्ड्यात पुरायला.

"कुठे नेतोस?"

"फेकायला."

"खाण्यातून काढ. लावायला ठेव." म्हाताऱ्याने एक बटाटा नखाने खरवडला, हिरवी कड पाहिली, बटाट्याच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला. प्रत्येक डोळ्यातून आखूड, जाड, जांभळा कोंब फुटला होता. "बेणं उजेडातच ठेवतात, गाढवा. हिरवं बेणं जमिनीत लवकर सडत नाही. खायचा अंधारात, लावायचा उजेडात. एवढंच शिकवलं होतं दोघांना, तेही राहिलं नाही डोक्यात."

मग ती रास दोन ठिकाणी गेली. मागच्या बाजूची अंधारात, पोत्यांखाली. कडेची फळ्यांवर, उजेडात. थोरला गोठ्यावरचे सहा पत्रे घेऊन आला. एका हाताला प्लास्टर, म्हणून एकेक पत्रा काखेत धरून सहा खेपा केल्या. धाकट्याने ठोकले.  शेवटच्या पत्र्याला थोरला म्हणाला, "डावीकडे घे जरा. फट राहते."

पुढच्या हंगामाला सगळ्या शेतात ते हिरवं बेणं पडलं. धाकटा सरी पाडत पुढे, त्याच्या मागे थोरला वीत वीत अंतरावर कोंब वर करून बटाटे ठेवत. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. त्यांतून बेणं निसटायचं. निसटलं की तो शिवी द्यायचा, वाकायचा आणि पुन्हा ठेवायचा.

काढणीच्या पहिल्या दिवशी बांधावरच तीन दगडांवर पातेलं चढवलं. धाकटीने प्रत्येक बटाटा कापून पाहिला, जिभेला लावला, थुंकला आणि मगच पाण्यात टाकला. उकडल्यावर सगळ्यांनी आपापला घेतला. कोणी तोंडाला लावला नाही. म्हाताऱ्यानेही नाही.

चिमणीने आपला फोडला. जांभळा, मध्ये पांढरी नक्षी. तिने सालीसकट घास घेतला आणि सावकाश चावू लागली. पाचही मोठी माणसं तिच्या घशाकडे बघत बसली. 

चिमणीने गिळलं. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कळलं तिला, आता आपलंच राज्य आहे. म्हणून तिने आणखी एक घास घेतला आणि तोही सावकाश चावला.

"नाही टोचत," ती म्हणाली.

मग सगळे जेवले.